रिकाम्या कढईतलं इंग्रजी

वन्सं, तुमच्या तेराव्याला माणसं तुमच्याबद्दल बोलायला उभी राहिली आणि एकजात खोटं बोलली. कळंबहून तुमच्या शाळेतले एक सर आले होते, ते म्हणाले, बाई फार मायाळू होत्या. तुमच्या हाताखाली शिकलेला एक टकलू वकील म्हणाला, बाईंनी आम्हाला कधी बोटसुद्धा लावलं नाही. बोट कशाला लावाल? जीभ होती ना. त्या जिभेपुढं तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब परवडला, त्याची वात पेटलेली दिसते तरी. माणूस लांब पळू शकतो.

मी मागं बायकांत बसून ऐकत होते. उठावं आणि सांगावं असं फार वाटलं, की ही बाई मायाळू नव्हती, हिनं उभ्या जन्मात कुणाला गोड शब्द दिला नाही आणि दिला असेल तर तो इंग्रजीत असेल, म्हणून आम्हाला कळला नाही. पण तेराव्याच्या मांडवात खरं बोलायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून आता सगळे पांगून इतके दिवस झाल्यावर इथं एकटीच बोलते. तुम्ही दुष्ट होता, वन्सं. आणि तुम्ही गेल्यापासून या घराची चव गेलीय. सगळे माझ्याशी चांगलं वागतात. अशानं मी आजारी पडेन.

पहिल्या भेटीपासूनच सांगते. मला बघायला तुम्ही आलात तेव्हा मी सोळा-सतराची, सातवी नापास. तुम्ही सासर सोडून माहेरी आलेल्या, बाहेरून बीए करणाऱ्या, डोळ्यांवर जाड भिंगं. माझ्या वडलांनी तुमच्याकडं सांगून ठेवलेलं की पोरीला इंग्रजी येतं. माझं इंग्रजी म्हणजे आदल्या दिवशी भावानं घोकून घेतलेलं एक वाक्य. तुम्ही विचारलंत, व्हॉट इज युवर नेम. मी झोकात म्हटलं, माय नेम इज सरस्वती. घरचे खूश झाले. दुसरं कुणी असतं तर तिथं थांबलं असतं. तुम्ही विचारलंत, हाऊ मेनी ब्रदर्स हॅव यू. मी म्हटलं, माय नेम इज सरस्वती. तुम्ही एकदम गोड आवाजात विचारलंत, डू यू ईट मड. मी मान डोलावली आणि म्हटलं, येस, माय नेम इज सरस्वती.

माती खातेस का, असं विचारलं होतंत तुम्ही. हे मला कळायला पुढं कितीतरी वर्षं गेली आणि तेही तुम्हीच सांगितलंत, चार पाहुण्यांच्या देखत.

ती सोळा वर्षांची सरू आज समोर आली तर मीच तिच्या थोबाडीत देईन. डोक्यात अबोलीचा गजरा, अंगावर मावशीचं उसनं जांभळं पातळ, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की जणू कलेक्टर हिचा मेव्हणा. तुम्ही आत जाऊन तुमच्या भावाला सांगितलंत, करून टाक, हिला काही येत नाही, तुझ्या तोंडाला तोंड देणार नाही. एवढ्या शिकलेल्या बाईचा अंदाज असा सपशेल चुकलेला मी दुसरा पाहिला नाही.

लग्न झाल्यावर मी तुम्हाला इतकी भ्यायचे की तुळजापूरच्या देवीला नवस बोलले, वन्संचं सासर परत जुळू दे, त्या नांदायला जाऊ देत, खणानारळानं ओटी भरीन. काय ती अक्कल. देवीनं ऐकलं नाही. देवीला माणसं कळतात, सरूला कळत नव्हती. तुम्ही नोकरी मिळवलीत, कळंबला खोली केलीत आणि दर शनिवारच्या एसटीनं यायला लागलात. त्या दीड दिवसात माझ्या आमटीतलं मीठ, पोरांचे पाढे, म्हशीच्या गळ्यातलं दावं, सगळ्यांत चूक काढून सोमवारी पहाटे परत. मग रिटायर होऊन कायमच्या आलात. मी तुमच्या भावाला म्हटलं, आता रोजच शनिवार.

आपलं दोघींचं खरं भांडण सुरू झालं ते मात्र मयूरीच्या परीक्षेमुळं.

आपल्या दत्ताची पोर पुण्यात नर्स झाली, तिला परदेशी दवाखान्यात जायचं, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. पहिल्या खेपेला ती बोलण्यात आपटली. तिला शब्द यायचे, व्याकरण यायचं, पण वाक्याच्या मध्यात थांबायची. शब्द शोधायची. तो सापडेपर्यंत समोरचा साहेब जांभई देऊन मोकळा. ती फोनवर रडली, दत्ता हळवा झाला, मी देवाजवळ दिवा लावला. तुम्ही म्हणालात, रडण्याला मार्क नसतात, रोज दिवेलागणीला मला फोन करायचा.

आपल्या घरात रेंज येते ती फक्त खव्याच्या भट्टीच्या दारात. म्हणून तुमची बाज तिथं पडली. मी आत कढईवर. दूध आटायला लागलं की उलथणं थांबवून चालत नाही, थांबलं की खवा तळाला लागतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्या का दुसऱ्या संध्याकाळी मयूरी अशीच मध्येच अडकली. तुम्ही फोन उचलून कढईपाशी धरलात आणि तिला विचारलंत, हा आवाज कसला? ती म्हणाली, आजी खवा हलवतीय. तुम्ही म्हणालात, "थांबली का ती? सातवी नापास बाई थांबत नाही, तू कशाला थांबतेस? शब्द नाही सापडला तर दुसरा टाक. पण हात थांबू द्यायचा नाही."

झालं. त्या दिवसापासून माझं उलथणं तुमच्या शाळेची घंटा झालं. पोरगी पुण्यात खोलीत बसून कढईच्या खरखरीवर इंग्रजी बोलायची आणि खरखर मंदावली तर तुम्ही माझ्यावर खेकसायच्या, की सरू, मुलगी बोलतीय, जोर लाव. खवा पेढेवाल्याचा, घाम माझा, शिकवणी तुमची.

मग तुम्हाला परीक्षा घेणारा साहेब हवा झाला. तुम्ही मला केलंत. कारण काय सांगितलंत? परीक्षेतल्या साहेबालाही पोरांच्या बोलण्यात रस नसतो, तोही तुझ्यासारखाच कंटाळलेला असतो, तुझा चेहरा आयता आहे. चेहरा फोनवर दिसत नव्हता, तरीही. मी प्रश्न पाठ केले. टेल मी अबाउट युवर होमटाऊन. डू यू प्रिफर टी ऑर कॉफी. पाठ करता करता मी मेली आतून शिकायला लागले. कुणाला सांगितलं नाही. या वयात इंग्रजी शिकतेय हे सांगायचं म्हणजे म्हातारपणी पैंजण घालण्यासारखं.

तुम्ही ओळखलंतच. रोज एक जड शब्द देऊ लागलात आणि प्रत्येक शब्द घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात बांधू लागलात, म्हणजे विसरणार नाही. ऑब्स्टिनेट म्हणजे आपली म्हैस, दावणीला बांधायला गेलं की चारी पाय रोवणारी. इन्डिफरंट म्हणजे तुमचे भाऊ, घराला आग लागली तरी पेपर संपवून उठतील. मी विचारलं, आणि मी? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, तुझ्यासाठी अजून शब्द व्हायचाय.

आणि मग ते व्याकरण आलं. तुम्ही त्याला मिक्स्ड कंडिशनल म्हणायच्या, मी मिसळ म्हणायची. एक पाय कालमध्ये, दुसरा आजमध्ये. तेव्हा अमुक झालं असतं तर आज तमुक असतं. मला त्यात अवघड काय ते कळेना. मी म्हटलं, वन्सं, आमी बाया जन्मभर दुसरं काय बोलतो? कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसा, हेच चालू असतंय. तुम्ही म्हणालात, मग इंग्रजीत बोल.

त्या संध्याकाळी मयूरी फोनवर ऐकत होती, आणि तुम्ही तिला नमुना म्हणून पहिलं वाक्य दिलंत ते माझ्यावर. इफ माय ब्रदर हॅड मॅरीड अ मॅट्रिक-पास गर्ल, धिस हाऊस वुड बी क्वाएट टुडे. माझ्या भावानं मॅट्रिक झालेली केली असती तर आज या घरात शांतता असती. मयूरी हसली. मी उलथणं थांबवलं नाही, पण डोक्यात जुळवाजुळव चालू केली. दुसऱ्या दिवशी मी वाक्य तयार करून आणलं. इफ यू हॅड ईटन माय आमटी विदाउट कम्प्लेंट, यू वुड बी फॅट नाऊ. तुम्ही म्हणालात, आमटीला इंग्रजी शब्द शोध. बास, तेवढंच.

मग रोज एक. मराठीत मी तुम्हाला कधी वर मान करून बोलले नव्हते. वन्सं म्हणायचं, तुम्ही म्हणायचं, पदर सारखा करायचा. इंग्रजीत तुम्हीपण यू आणि मीपण यू. तिथं पदर नव्हता. इतक्या वर्षांची साठलेली भांडणं आपण त्या भट्टीत आटवली. पोरीला वाटायचं आजी आणि आत्याआजी तिच्यासाठी राबतायत.

एक संध्याकाळ मात्र मला सोडत नाही. आदल्या दिवशी तुम्ही मला पार सोलली होतीत, म्हणून मी जरा लागेलसंच वाक्य आणलं. मयूरीचा फोन अजून यायचा होता. मी म्हटलं, इफ यू हॅड स्टेड विथ युवर हजबंड, ही वुड बी डेड बाय नाऊ. तुम्ही नवऱ्यापाशी नांदला असतात तर तो बिचारा एव्हाना मेला असता. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

तुम्ही हसलात. खोकला येईपर्यंत हसलात. मग पाणी प्यालात आणि म्हणालात, "वाक्य बरोबर आहे. माणूस चुकलाय. मेले मी असते."

एवढंच. सासर का सोडलं, हे या घरात तुम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, तुमच्या भावानं नाही, मी तर नवस बोलत बसलेली. मी कढईकडं बघत राहिले. हात थांबलेला मला कळलाच नाही. वास आला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "खवा लागला बघ. लक्ष कुठंय?" आणि फोन वाजला, आणि तुम्ही पोरीवर ओरडायला लागलात. तो विषय मी परत काढला नाही. तुम्हीही काढला नाहीत. पण त्यानंतर तुमच्या आमटीत मी मीठ मापून घालायला लागले. तुमच्या लक्षात आलं होतं का? आलं असणार. तरी म्हणालातच, खारट आहे.

बार्शीच्या दवाखान्यातून तुम्हाला परत आणलं तेव्हा डॉक्टरांनी दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय दमलंय, आता घरीच ठेवा. तुमच्यापासून लपवायचं ठरलं. तुम्ही बाजेवर टेकलात आणि म्हणालात, आजचा शब्द बिरीव्हड. मी विचारलं, म्हणजे? ज्याचं माणूस गेलंय तो. आणि हा कुणाच्या गळ्यात बांधायचा? तुम्ही म्हणालात, तुझ्या. पाठ करून ठेव, लवकरच लागेल. दुसरी कुणी असती तर हात हातात घेतला असता.

मग तो हुकूम आला. मयूरीच्या परीक्षेच्या आधी मी गेले तर तिला कळवायचं नाही. पेपर होऊ द्यायचा. मी म्हटलं, हे काय बोलणं? एवढा जीव लावलेली पोर, तिनं तुमचं तोंड बघायचं न्हाय? तुम्ही म्हणालात, "तोंड काय बघायचंय? हेच तोंड बघून पोरांना ताप यायचा." मी म्हटलं, चेष्टा नका करू. तुम्ही म्हणालात, ती आली तर परीक्षा जाईल, परीक्षा गेली तर ती पुन्हा बसणार नाही, मी तिला ओळखते. मी म्हटलं, परीक्षा परत येती, माणूस येत न्हाय. तुम्ही भिंतीकडं तोंड फिरवलंत. आपलं भांडण तिथं अर्धं राहिलं. मी मनात म्हटलं, उद्या पुरं करू.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. तुमचं वेळापत्रक कधी चुकलं नाही.

माती दुपारी उरकायची ठरली. आणि पहिला घोळ घातला तुमच्या चुलतभावाच्या बाळूनं. तुम्हाला अजून आंघोळ घातली नव्हती तेवढ्यात त्यानं मोबाईलवर तुमचा फोटो, फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं जुळवलं होतं, आणि शोकाकुल म्हणून खाली स्वतःचा फोटो, तुमच्या दुप्पट. स्टेटसला टाकणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. हे एकदा टाकलं की अर्ध्या तासात पुण्यात. बाळू म्हणाला, काकू, लोक काय म्हणतील, भाच्यानं साधी श्रद्धांजलीपण टाकली न्हाय. मी मोबाईल घेतला आणि ज्वारीच्या कणगीत टाकला. बाकीच्यांना सांगितलं, कणगी मोठी हाय, अजून जागा हाय.

तुमचे भाऊ, इन्डिफरंट, त्या दिवशी पहिल्यांदा पेपर न वाचता बसले होते. ते म्हणाले, पोरीला कळवा. दत्ता आत्ता गाडी काढतो, सांजच्या आत आणतो, तिच्यासाठी माती थांबवू.

मी म्हटलं, "तुमच्या बहिणीचा हुकूम हाय."

"मेलेल्या माणसाचा कसला हुकूम?"

"जित्तेपणी कुणी मोडला व्हय?"

 खरं सांगू का वन्सं, मला त्यांचंच पटत होतं. तुम्ही जिवंत असतात तर मी तुमच्या छाताडावर बसून तुमचा हुकूम मोडला असता. पण तुम्ही गेलेल्या. मेलेल्या माणसाशी भांडून जिंकण्यात काय मजा. पोरीचं सगळं वर्ष माझ्या हातात ठेवून तुम्ही मोकळ्या झालात, आणि मी तुमच्या बाजूनं भांडत बसले, तेही तुमच्या भावाशी, तुम्हाला आंघोळ घालता घालता.

माती झाली. दिवेलागण व्हायला आली. फोनची वेळ. फोन घेतला नाही तर पोरीला संशय. दत्तानं घेतला तर त्याचा रडून घसा बसलेला. मराठीत मी बोलले तर पहिल्या शब्दाला ती ओळखणार, माझा आवाज तिला पाठ. मग एकच वाट उरली. इंग्रजीत माझा आवाज एरवीही मयताला आल्यासारखाच असतो, हे तुमचंच म्हणणं.

पण भट्टी बंद होती. सुतकात चूल पेटलेली नव्हती, दूध शेजारच्यांकडं गेलेलं, पलीकडच्या गोदाबाईनं आणलेली भाकरी-पिठलं तसंच झाकून. आणि पोरगी तर कढईच्या आवाजावर बोलणारी. मी भट्टीत गेले, थंड कढईपुढं बसले, उलथणं घेतलं आणि रिकामं लोखंड खरवडायला लागले. अंगणात मयताला आलेल्या बायका बसलेल्या. गोदाबाई दारात येऊन बघून गेली आणि बाहेर जाऊन म्हणाली ते मला ऐकू आलं, सरू डोक्यानं गेली बाई.

फोन वाजला. मयूरी म्हणाली, गुड इव्हिनिंग, ग्रँडमा. व्हेअर इज आत्याआजी?

मी म्हटलं, शी इज क्वाएट टुडे. फर्स्ट टाइम.

यात खोटं काय होतं? एक अक्षर नाही. मग मी साहेब झाले. टेल मी अबाउट युवर होमटाऊन, पासून सुरू केलं. पोरगी बोलायला लागली आणि वन्सं, ती थांबली नाही. मी खरवडत होते आणि ती बोलत होती, गावाबद्दल, ओढ्याबद्दल, दवाखान्यातल्या एका म्हातारीबद्दल, एक वाक्य संपलं की दुसरं. तुम्ही असतात तर चूक शोधायला तुम्हाला भिंग लागलं असतं. माझं प्रश्नांचं पाठांतर संपलं. मला वाटलं, सुटले. तर ती म्हणाली, नाऊ आय विल आस्क यू, ग्रँडमा. आर यू अँग्री विथ हर?

 अंगणात बायका होत्या. हात हलत होता. तोंडातून जे आलं ते मी जुळवलेलं नव्हतं, एवढं सांगते. मी म्हटलं, इफ शी हॅड बीन अ काइंड वुमन, आय वुड नॉट बी टॉकिंग टु यू इन इंग्लिश नाऊ.

ती जरा बऱ्या स्वभावाची असती, तर आज मी तुझ्याशी इंग्रजीत बोलत नसते.

 मला वाटलं, काहीतरी चुकलं. वुड चुकलं का हॅड. मग ती हळूच म्हणाली, थँक यू, ग्रँडमा, गुड नाइट, आणि फोन बंद. मी तरी थोडा वेळ खरवडत बसले. थांबले असते तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. गोदाबाईनं आत येऊन माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेपर झाल्यावर दत्तानं तिला कळवलं. संध्याकाळी ती आली. मी दारात तयार होते, शिव्या खायला. म्हटलं, ओरडेल, का लपवलंत म्हणेल, मी सगळं तुमच्यावर ढकलेन. ती ओरडली नाही. तुमची बाज बघितली, आजोबांच्या पाया पडली, मग मला घेऊन भट्टीत आली.

"काल रिकामी कढई घासत होतीस ना, आजी?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं?

"खवेवाल्याची नात हाय मी. खवा असला की आवाज गच्च येतो. काल नुसतं लोखंड वाजत होतं." मग म्हणाली, "पण मला त्याच्या आधीच कळलं होतं."

तुम्हीच सांगून ठेवलं होतंत. आदल्या आठवड्यात मी आपल्या तालुक्याच्या वाशीच्या बाजाराला गेले होते तेव्हा. तुम्ही तिला फोन करून निरोप घेतलात, सरळ, व्याकरण शिकवल्यासारखा. म्हणालात, मी आता थोडे दिवस आहे, तुला कळवायचं नाही असं आजीला सांगणार आहे. एखाद्या संध्याकाळी माझ्याऐवजी तुझी आजी फोनवर आली तर समजून जा. यायचं का पेपर द्यायचा हे तुझं तू ठरव, मी सांगणार नाही. पण आजीला मध्ये तोडायचं नाही. ती चुकेल, चुकू दे. तिला आजवर कुणी वाक्य पुरं करू दिलेलं नाही, मीसुद्धा नाही.

वन्सं, मला इतका राग आला. दिवसभर मी डोळ्यांतलं पाणी आत ढकललं, बाळूचा मोबाईल बुडवला, तुमच्या भावाला दुखावलं, बायकांत वेडी ठरले, आणि ज्या पोरीपासून लपवायचं तिला सगळं ठाऊक. पोरीला तुम्ही ठरवायला दिलंत आणि मला नुसता हुकूम. मी मयूरीला विचारलं, मग मला का नाचवलं? ती म्हणाली, मीपण आत्याआजीला तेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सरूला त्या दिवशी हाताला काहीतरी काम लागेल. नुसती बसली तर बसूनच राहील.

 मग मी तिला विचारलं, आणखी काय म्हणाल्या? ती सांगेना. मी म्हटलं, सांग, मी त्यांना आज ओळखते का? तेव्हा म्हणाली, "म्हणाल्या, सरूचं इंग्रजी माझ्यामागं महिनाभर टिकायचं नाही. गंजून जाईल."

चितेपाशी मी रडले नव्हते. राख सावडताना नाही, पुढं दहाव्याला नाही. या वाक्याला रडले. भट्टीत, पदर तोंडात कोंबून, पोरगी पाठीवरून हात फिरवतीय आणि मी तुम्हाला मराठीत शिव्या घालतीय. माझ्या इतक्या चुका काढणारी बाई आता मी आणू कुठून?

एक सांगायचं राहिलं. पोरीला हव्या तेवढ्या मार्कांनी पास केलंय. बोलण्यात चांगले, लिहिण्यात जेमतेम. लिहिणं तुम्ही घेत होता. परीक्षेत साहेबानं तिला विचारलं काय, तर प्लास्टिकच्या पिशव्या. त्यावर ती न थांबता बोलली म्हणे. तुमच्या मरणाचा आणि त्या पिशव्यांचा काही संबंध नव्हता, आणि तुमचं तोंड मात्र तिला बघायला मिळालं नाही. ती म्हणते, मी स्वतः ठरवलं. ठरवलं असेल. इथं होती तेव्हा रात्री झोपेत तुम्हाला हाक मारायची, ते मी ऐकलंय. आपलं ते अर्धं भांडण मी अजून सोडलेलं नाही. तुम्ही चुकलात. तुमच्या जागी मी असते तर पोरीला बोलावलं असतं, परीक्षा गेली तर गेली. आणि मग ती आज इथंच असती, माझ्याजवळ, पुढच्या महिन्यात विमानात बसायला निघाली नसती. म्हणजे तुम्ही बरोबर होता का? ते मी म्हणणार नाही.

महिना होत आला. रोज दिवेलागणीला आमचा फोन चालू आहे, भट्टी पेटलीय, कढई भरलेली असते. कालच मी तिला म्हशीवर सलग बोलून दाखवलं, ऑब्स्टिनेटसकट. गंजलेलं नाही, वन्सं. येऊन ऐका, असं म्हटलं असतं. पण नका येऊ. आलात तर चुका काढाल, आणि मग मी तुम्हाला परत जाऊ द्यायची नाही.